भिंगरीच्या मागे उभं कोण

२ नोव्हेंबर

थोरले,

माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून त्यावरचा पत्ता तुझ्या आत्याकडून लिहून घेतला. फसवल्याबद्दल राग येऊ दे, पण वाचून झाल्यावर.

कामाचं आधी लिहितो. तुझ्या आईचे दोन्ही डोळे झाले. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. आधी उजवा काढला, तीन आठवड्यांनी डावा. दिवसातून चारदा थेंब घालायचे असतात, ते काम माझ्याकडे आहे. एखादा गालावर ओघळला की बोलणी बसतात, कॅमेऱ्याची काच पुसताना तुमचा हात असा कधी थरथरला नाही म्हणून. पट्टी काढली त्या दिवशी तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, एवढे म्हातारे कधी झालात, मला कळवायचं तरी. डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र माझी धडगत राहिली नाही. कोपऱ्यातली जाळी, डब्यांची कळकट झाकणं, माझ्या शर्टाची विरलेली कॉलर, सगळं एका दिवसात उजेडात आलं.

तिसऱ्या दिवशी ती भिंगरीच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. तुझ्या बहिणीचं नाव घरात आता कुणी मोठ्याने घेत नाही. पंचवीस वर्षं झाली, ती भिंतीवर पाचचीच आहे. तो फोटो मी मोठा करून लावला तेव्हा तुझ्या आईला त्याच्याकडे धड बघवत नसे, नजर गेली की खाली करायची. पुढे डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला. म्हणजे खरं म्हणशील तर तिने तो आत्ता पहिल्यांदा पाहिला.

बराच वेळ बघून तिने विचारलं, "अहो, हिच्या मागे कोण उभं आहे?"

मी म्हटलं, झाड असेल.

"झाडाला हात असतो होय?"

म्हणून तुला विचारतोय. तू आता याच धंद्यात आहेस असं कळलं. मासिकांचे फोटो तुझ्या हातून जातात म्हणे. मी कॉम्प्युटर शिकलो तो आपला धडपडत, पंचावन्नाव्या वर्षी, गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या फोटोंवर हात साफ करत. मला एवढंच येतं की पुढच्या माणसाभोवती रेघ मारायची आणि मागचं सगळं धूसर करायचं. पण मी केलेल्या फोटोत पुढच्या माणसाच्या कडेला त्याच्याच रंगाचा एक ओघळ राहतो, इस्त्रीखालच्या ओल्या कपड्यातून वाफ निघावी तसा. तो कसा घालवायचा? आणि मागे काही गडद असेल तर ते पुरतं कसं विरघळवायचं?

एवढंच विचारायचं होतं. दुकान बरं चाललंय. पासपोर्टचे फोटो अजून लोकांना लागतात.

तुझे बाबा

९ नोव्हेंबर

थोरले,

तुझं उत्तर यायला वेळ लागेल किंवा येणारही नाही, हे धरून चाललोय. तोवर मी माझ्या अकलेने करून पाहिलं आणि घोटाळा वाढवून बसलो.

फोटो उतरवला, दुकानात नेला, कॉम्प्युटरवरची जुनी फाइल काढली आणि ब्लरची पट्टी आणखी उजवीकडे ओढली. वाटलं, आकृती विरून जाईल. तसं होत नाही गं. जोवर चित्र स्पष्ट असतं तोवर डोळा फांद्यांत, दगडांत, पानांत अडकतो आणि मागे माणूस आहे हे पटकन कळतही नाही. धूसर करू लागलं की आधी बारीकसारीक जातं. पानं जातात, दगडांच्या सांधी जातात. उरतो तो मोठा काळा आकार. चाळीस वर्षं या धंद्यात काढून मला हे आता उमगलं. मी जितकं पुसत गेलो तितकी ती आकृती पसरली, फुगली आणि भिंगरीच्या खांद्यापाशी आली.

नवा प्रिंट लावला. तुझ्या आईने चहा करता करता वळून पाहिलं आणि गॅस बंद केला. म्हणाली, हा पुढे सरकलाय.

मी म्हटलं, कागद बदललाय, शाई वेगळी आहे, नवीन डोळ्यांना असं वाटतं. तिने डॉक्टरणीला फोन लावला. नव्या डोळ्यांना नसलेलं दिसतं का, असं सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, नाही आजी, असलेलंच दिसतं. झालं. आता माझ्या बोलण्याला घरात कवडीची किंमत नाही.

ती म्हणते, त्याने हात वर केलाय. तो तिला बोलावतोय. तळ्याकाठी तेव्हाच तो मागे उभा होता, आणि तुम्ही फोटो काढत बसलात, तुम्हाला दिसला नाही.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? तो हात कशासाठी वर होता हे जगात दोनच माणसांना माहीत आहे.

तिने आपली खुर्ची फिरवून घेतलीय. फोटोकडे पाठ नको म्हणते, तोंडही नको म्हणते. कडेने बसते.

बाबा

१७ नोव्हेंबर

थोरले,

तुझं कार्ड आलं. चौदा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहिलंस:

"आधी माणूस उचलून वेगळा ठेवायचा. मग त्याची रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरायची. मगच मागचं धूसर करायचं. उलट केलं की कडेला डाग उरतो. हे तुम्हाला चांगलं माहीत आहे."

खाली सही नाही, वर मायना नाही. मी ते कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलंय. शेवटचं वाक्य सोडून बाकीचं कृतीत आणलं. तेवढ्यावर न थांबता, धूसर करायची भानगडच नको म्हणून मागचं सगळं काढून टाकलं आणि सपाट राखाडी पडदा भरला, पासपोर्टच्या फोटोला असतो तसा. तळं नाही, पायऱ्या नाहीत, कोणी नाही. दुपारी तुझी आई शेजारी गेली होती, तेवढ्यात लावून टाकला. वाटलं, सुटलो.

ती आली, चपला काढल्या, फोटोकडे पाहिलं. मला वाटलं, आनंदली. मग हळूच म्हणाली, "तो कुठे गेला?"

मी म्हटलं, काढून टाकला. तुला त्रास होत होता ना.

"तिथून काढलात. मग तो गेला कुठे?"

पोरी, मी या प्रश्नावर हसणार होतो, पण हसू आलं नाही. तिने भरदुपारी घरातली सगळी दारं उघडून पाहिली. कपाटं पाहिली. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून कडी लावली. आता ती कुठल्याही खोलीत शिरताना उंबऱ्यावर थांबते, कान देते, मग आत येते. भांडं वाजलं की माझ्याकडे बघते. मी समोर बसलेला असतो, मग भांडं कोणी वाजवलं? अर्थात उंदीर, वारा, काहीही. पण दिवसभर एखाद्या माणसासोबत कान टवकारून बसलं की आपल्यालाही ऐकू यायला लागतं. काल दुपारी जिन्यात पावलं वाजली. चढत येऊन दाराशी थांबली. मी दार उघडलं नाही. टपालवाला होता, हे खाली पडलेल्या पत्रकावरून नंतर कळलं.

हे सगळं सोसलं असतं. पण ती त्याला शिव्या घालते. तुला ठाऊक आहे, तुझ्या आईच्या तोंडून कधी वावगा शब्द जात नाही. आता भाजी चिरता चिरता खालच्या आवाजात सुरू असते. ज्याने माझी पोर नेली त्याचं तळपट होवो. त्याला कुठे थारा मिळू नये. त्याला घर नको, दार नको, कुणी पाणी द्यायला नको.

आणि मी समोर बसून ऐकतो. ती कुणाला म्हणतेय हे तिला माहीत नाही. मला आहे.

बाबा

२१ नोव्हेंबर

थोरले,

आज दुकान उघडलं नाही. बाहेर पाटी लावून आत बसलोय. मागच्या तिन्ही पत्रांत मी गोल गोल फिरलो. आज सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

भिंगरी तळ्याच्या कठड्यावर बसली होती. तू तिच्याजवळ होतीस, मीच बसवलं होतं. रोलमध्ये दोन-तीनच फोटो उरले होते. मी स्कूटरची किल्ली तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, डिकीतून नवा रोल आण. तू अर्ध्या पायऱ्या चढलीस आणि वळून, हात उंच करून किल्ली दाखवलीस. जुडग्यात दोन होत्या, डिकीची कुठली ते तुला विचारायचं होतं. मी डोळा कॅमेऱ्याला लावूनच म्हटलं, हो हो, तीच. आणि बटण दाबलं. तो फोटो आहे हा. पुढे हसणारी भिंगरी, मागे किल्ली धरून तू.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं नाही.

रोल अडकला. गुंडाळला जाईना. माझ्या खांद्याला ती काळी पिशवी होती, तुला आठवत असेल, दोन बाह्यांची. कॅमेरा आत ठेवायचा, दोन्ही हात बाह्यांतून घालायचे आणि अंधारात चाचपडत रोल सोडवून डबीत भरायचा. मध्येच हात बाहेर काढले तर उजेड शिरतो आणि सगळे फोटो जातात. मी पायरीवर बसलो. हात कोपरापर्यंत आत. डोळे मिटले होते, कारण बोटांनी बघायचं असलं की मी डोळे मिटतो.

पाण्याचा आवाज झाला. मोठा नव्हता. पोलिसांना, तुझ्या आईला, सगळ्यांना मी सांगितलं की मला तो ऐकूच आला नाही. मनाला सांगितलं की तिने खडा टाकला असेल. दोन्ही खोटं. मला आवाज आला आणि तो कसला हे कळलं. आणि मी डबीचं झाकण फिरवून लावलं. मग हात काढले.

सात सेकंद लागतात. कधी आठ. मी नंतर घड्याळ लावून पाहिलंय, एकदा नाही, कितीदा ते विचारू नकोस. दुकानात गिऱ्हाईक नसलं की आजही हात पिशवीत जातात.

तू नवा रोल घेऊन पायऱ्या उतरलीस तेव्हा मी पाण्यात होतो.

तुझ्या आईने तुला विचारलं, तिला सोडून गेलीसच कशी. तू म्हणालीस, बाबांनी पाठवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं नाही, पोरी. मी काहीच म्हटलं नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं. पाठवलं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तुम्ही काय करत होता? त्या प्रश्नाला मी इतका घाबरलो की तुला पुढे केलं. तू अकरा वर्षांची होतीस. त्यानंतर तिने तुझी वेणी घातली नाही. तू आरशासमोर उभी राहून स्वतः घालायला शिकलीस, तिरकी यायची. मला दिसत होतं.

रोल छान निघाला. एकही फोटो खराब झाला नव्हता. मी फक्त भिंगरीचा चेहरा कापून छोटा छापला आणि निगेटिव्ह कुलपात घातली. अकरा वर्षांनी तुझी आई म्हणाली, मोठा करून भिंतीवर लावा. नुसता चेहरा मोठा केला की फुटत होता. अख्खं चित्र घ्यावं लागलं. त्यात तू होतीस, किल्लीसकट. तेव्हा मी नुकताच ब्लर करायला शिकलो होतो.

तू माझा डबा घेऊन दुकानात आलीस आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिलीस. पडद्यावर तुझा चेहरा आधीच गेला होता. तू आरडाओरडा केला नाहीस. एवढंच म्हणालीस:

"बाबा, किल्ली तरी राहू द्या."

मी पट्टी आणखी ओढली.

आठवड्याने तू गेलीस. लोक विचारत, मी सांगत असे की नोकरी लागली.

क्षमा मागायला मला तोंड नाही. मला भीती वाटते, ही गोष्ट मात्र मागे कधी सांगितली नव्हती, ती सांगतो. तुझी आई आता कुणाच्या तरी नावाने रोज शाप देते. ती अशीच गेली, ते शाप मनात धरून, तर तुझ्यावरचा तो आळ कायमचा राहील. पुसणारा मी एकटाच आहे, आणि मीही सत्तरीचा आहे. हे पत्र पेटीत टाकून घरी जाणार. निगेटिव्ह खिशात आहे.

बाबा

२६ नोव्हेंबर

थोरले,

सांगितलं.

त्या दिवशी नाही. घरी गेलो, तर ती खिडकीपाशी उन्हात डोळे मिटून बसली होती, इतक्या दिवसांनी जरा निवांत. मला तेवढं निमित्त पुरलं. दुसऱ्या दिवशीही काहीतरी निमित्त मिळालं. परवा सकाळी दुकानात जाऊन निगेटिव्ह स्कॅन केली आणि काही न करता, एक डागसुद्धा न काढता, अख्खा फोटो छापला. शाई ओली असतानाच घेऊन आलो, म्हणजे वाटेत विचार बदलायला वेळ मिळू नये.

जेवणाचं टेबल पुसून त्यावर ठेवला. ती दुरूनच म्हणाली, पुन्हा काय करून आणलंत? मी म्हटलं, काही केलेलं नाही. ये, बघ.

ती आली. दोन्ही हात टेबलावर टेकवून वाकली. मला वाटलं ती आधी भिंगरीकडे बघेल. ती थेट मागे गेली. मी तिचा चेहरा पाहत होतो. आधी तिला काही कळलं नाही. मग तिचं बोट कागदावर आलं, न टेकता, वरच्यावर फिरलं. पायऱ्या. फ्रॉक. वर केलेला हात. त्यातलं जुडगं.

म्हणाली, "ही आपली आहे."

मी हो म्हटलं. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. किल्ली, रोल, पिशवी, आवाज, झाकण. सेकंदही सांगितले. तिने मान वर केली नाही. बोलून झाल्यावर मी वाट पाहत राहिलो. खरं सांगू, मला तिने मारावं असं वाटत होतं.

ती वळून आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, भांडी घासल्याचा आला. सगळी भांडी घासलेलीच होती. तिने ती पुन्हा घासली. अर्ध्या तासाने पदराला हात पुसत आली आणि परत फोटोवर वाकली.

"ही केवढीशी आहे हो," ती म्हणाली. "मला वाटायचं मोठी होती."

अकरा, मी म्हटलं.

"मी हिला बाईमाणसाला बोलतात तसं बोलले."

न्हाणीघराची कडी तिने केव्हा काढली ते मला कळलं नाही, संध्याकाळी पाहिलं तर निघालेली होती. जेवताना तिने मला विचारलं, मागचं धूसर करता येतं तसं उलटं करता येतं का. म्हणजे पुढचं राहू दे, पण हिचा चेहरा मला नीट दिसेल असं. मी म्हटलं, नाही येत. मी पुसलेलं मला परत आणता येतं, कारण निगेटिव्ह होती. पण कॅमेऱ्याचा नेम भिंगरीवर होता, मागची तेव्हाच थोडी अस्पष्ट आली. काचेने जे टिपलंच नाही ते कुठल्या यंत्राला भरता येत नाही. भरतात हल्ली, पण तो चेहरा तिचा नसतो, यंत्राने रचलेला असतो.

तिने घास खाली ठेवला.

"स्पष्ट होत नाही म्हणता ना? मग मी जाऊन बघते."

मी लगेच म्हटलं, जाऊ की, दोघंही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. नव्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे असं अजून पाहिलं नव्हतं. म्हणाली, तुम्ही नाही. तुम्हाला तिने बोलावलं तर जा. मला तर तिने बोलावलेलं नाही, पण मी आई आहे, मी दारात बसून राहीन. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. थेंब आता शेजारीण येऊन घालते.

तेव्हा हे पत्र निरोपाचं समज. गुरुवारी सकाळच्या बसने ती निघते. अकराच्या सुमारास तुमच्या स्टँडवर पोचेल. तिकीट तिचं तिने काढलं, पाट्या आता तिला लांबून वाचता येतात, त्यामुळे हरवेल अशी काळजी करू नकोस. काळा मोठा चष्मा असेल, अंगावर निळी साडी. हातात त्या फोटोची गुंडाळी असेल, ती तिने माझ्याकडे धरायलाही दिली नाही. काय बोलणार आहे ते मला सांगितलेलं नाही. काल आरशापुढे पुटपुटत होती, मी आत गेल्यावर गप्प झाली.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. ती पत्ता विचारत घरी येईल. दार उघडायचं नसेल तर तेही तुझ्यावर. मी त्यातलं काही मागायच्या लायकीचा नाही.

फक्त एक. डोळे झाल्यापासून तिला पायरी किती खाली आहे याचा अंदाज येत नाही. सपाट जमिनीवर ठीक चालते, पण खाली पाय टाकायचा म्हटलं की हवेत चाचपडते आणि थांबते. बसची शेवटची पायरी उंच असते. आलीस तर दाराशी उभी राहा आणि हात दे. ती मागणार नाही.